ताबो पाहिलंत का?

परत आल्यापासून भेटेल त्याला मी एकच विचारते आहे, ताबो पाहिलंत का? हिमाचलातलं स्पितीचं खोरं, आणि त्या खोऱ्यातला ताबोचा बौद्ध मठ! अजिंठा पाहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हाताला धरून तिथे न्यावं, असं मला झालंय.

बाहेरून तर काही कळतच नाही हो. सिमल्याहून निघायचं, सतलजच्या काठाकाठाने किन्नौर ओलांडायचं, खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून आत वळायचं आणि नाको, चांगो, सुमदो करत पुढे जायचं. झाडं विरळ होत संपून जातात. उरतात नुसते तांबूस-करडे, भुसभुशीत डोंगर. आणि मग अचानक सफरचंदांच्या बागा, वाटाण्याची शेतं, आणि मातीच्या बुटक्या, बिनखिडक्यांच्या वास्तू. कड्याला चिकटलेला गोम्पा, म्हणजे मठ, डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्याला हे सपाटीवरचं आवार साधंच वाटेल. वाटू दे! वाकून आत शिरा.

आत काळोख. डोळे सरावतात तशी भिंतीवरून, डोक्याच्याही वरून, एकेक मूर्ती पुढे येऊ लागते. मातीच्या, रंगवलेल्या, अधांतरी बसल्यासारख्या मूर्ती, आणि मध्ये चारही दिशांना तोंडं असलेला वैरोचन बुद्ध. एरवी कापडावर पाहिलेलं मंडल इथे चहूबाजूंनी उभं आहे आणि आपण त्याच्या आत आहोत, हे लक्षात आलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला!

मूर्तींच्या खाली चित्रं. एका भिंतीवर बुद्धचरित्र, समोरच्या भिंतीवर सुधनाची गोष्ट. हा सुधन ज्ञानाच्या शोधात एका गुरूकडून दुसऱ्याकडे हिंडत राहतो, आणि ते गुरू तरी कोण? भिक्षू, राजे, व्यापारी, स्त्रिया, मुलंसुद्धा! बॅटरीच्या उजेडात एकेक प्रसंग बघत मी त्याच्यामागून भिंतभर चालले. ती बोटं, ते अर्धोन्मीलित डोळे, ती वस्त्रांवरची नक्षी! ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात ते उगीच नाही.

पण एका बाबतीत ताबो मला अजिंठ्याहूनही विलक्षण वाटलं. अजिंठ्याची लेणी ओस पडली, रानात बुडाली, १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस पडली. ताबो मात्र हजार वर्षांनंतरही नांदतंय! पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओ याने ९९६ साली हा मठ उभारला. ज्याला त्याने शिकायला काश्मीरला पाठवलं होतं, तो थोर भाषांतरकार रिंचेन झांग्पो याचं नाव या मठाशी कायमचं जोडलेलं आहे. १०४२ मध्ये जीर्णोद्धार झाला. १९७५ च्या भूकंपाने मठाला तडाखा दिला, तरी १९८३ मध्ये आणि मग सहस्राब्दीच्या वर्षी, १९९६ मध्ये, दलाई लामांनी इथे कालचक्राची दीक्षा दिली. आजही इथे भिक्षू राहतात, शिकतात, पूजा करतात.

आणि हे सगळं मातीचं! हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अडवतात, पाऊस नावापुरता पडतो, म्हणून या भिंती टिकल्या. आता तिथेही पावसाचा नेम राहिलेला नाही, आणि मातीच्या छतातून झिरपणारं पाणी या चित्रांचा घास घेऊ शकतं. या विचाराने माझा जीव अक्षरशः तुटतो.

म्हणून सांगते, पुढच्या उन्हाळ्यात जाच. मनालीपेक्षा सिमल्याच्या बाजूने जा, उंची हळूहळू वाढते, शरीर सरावतं. आत फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा. भिंतींना हात लावू नका. एक बॅटरी जवळ ठेवा, आणि ताबोसाठी अख्खा दिवस राखून ठेवा.