रातची लाईन आणि सर्क्युलर क्यू

गेल्या शनिवारी आमच्याकडे फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू होते. डेटा स्ट्रक्चर्सचा भाग माझ्या गळ्यात. एका मुलाला विचारलं, "सर्क्युलर क्यू कुठे वापरतात?" त्याने एका दमात तीन उत्तरं दिली: सीपीयू शेड्यूलिंग, मेमरी मॅनेजमेंट, ट्रॅफिक सिग्नल. सहा-सात वर्षांपूर्वी मीही हीच तीन दिली होती, याच क्रमाने. शेवटी आपण सगळी एकाच गाईडची लेकरं! मग मला उगाच खोडी सुचली. म्हटलं, "पुस्तक बाजूला ठेव. तुझ्या घरी, गावात कुठे पाहिलीस?" पोरगा गप्प. मीही गप्प, कारण माझं स्वतःचं उत्तर मला त्याच क्षणी आठवलं आणि ते इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

आधी क्यूबद्दल, ज्यांनी कॉलेजनंतर तिचं तोंड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. लग्नातली पंगत आठवा. वाढपी वाढत वाढत दुसऱ्या टोकाला पोचले, तोवर पहिल्या टोकाची मंडळी हात धुवायला उठलीसुद्धा (शिष्टाचार क्षणभर विसरा). दहा पाट रिकामे, तरी नव्या पाहुण्याला सांगतात, "थांबा, पुढच्या पंगतीला!" साध्या ॲरेवरची क्यू अशीच वागते. सगळ्यांना एकेक पाट पुढे सरकवलं तर जागा होते, पण प्रत्येक वेळी एवढी उठबस कोण करणार? त्यापेक्षा पंगतच गोल मांडायची. शेवटच्या पाटानंतर पुन्हा पहिला. कोडमध्ये त्यासाठी एक मॉड्युलो पुरतो. जागेवरून कोणी हलत नाही, फक्त पुढचं आणि मागचं अशी दोन बोटं फिरत राहतात.

यात एक गोची आहे. दोन्ही बोटं एकाच पाटावर आली तर पंगत पूर्ण भरलीय की पूर्ण रिकामी, हे कळत नाही. म्हणून बरेच जण एक घर मुद्दाम मोकळं सोडतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये कीबोर्डसाठी अशीच १६ घरांची गोल रांग होती, पण मावायच्या १५ च कळा. सोळावी दाबली की "बीप"! तो बीप म्हणजे जागा संपली, थांबा. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर मात्र थांबा म्हणत नाही, सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. लिनक्स कर्नलचे मेसेजही तसेच पुसले जातात. असो, हा विषय निघाला की मी वाहवत जातो.

राऊंड रॉबिन शेड्यूलिंगमध्येही हीच गोल रांग. प्रत्येक प्रोसेसला ठरावीक वेळ (लिनक्सच्या एसकेड-आरआरमध्ये मुळात १०० मिलिसेकंद), वेळ संपला की रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं.

आता माझं उत्तर.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या बाजूला. विहिरीवर पाच एचपीची मोटर. माझ्या शाळेच्या काळात शेतीची लाईन चक्राकार पद्धतीने यायची. फीडरचे गट पाडलेले, आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास, बाकीचे रात्री १० तास. रात्रीचे दोन तास जास्त, म्हणजे आमच्या भाषेत वेटेड राऊंड रॉबिन! पण प्रोसेसला तिची पाळी दुपारी आली काय किंवा रात्री अडीचला आली काय, सारखंच. डिसेंबरात चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ते सारखं नसतं.

२०११ चा डिसेंबर. मी नववीत. बाबांना नात्यातल्या मयतीला नागपूरला जावं लागलं आणि ओलिताची पाळी नेमकी रात्रीची. मी म्हटलं, मी जातो. स्टार्टरला ऑटो लावलेला, लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. पण पाणी काही आपोआप एका दांडातून दुसऱ्या दांडात जात नाही. दर तासा-दीड तासाने उठून, फावड्याने माती ओढून बारं मोडायचं, एवढंच काम. दोनदा मोडलं. मग बंडीवर घोंगडी घेऊन "पाच मिनिटं" पडलो...

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अर्ध्या चन्यात पाणी तुंबलेलं, अर्धा कोरडा ठणठणीत. आणि लाईन गेलेली, पुढच्या गटाकडे.

बाबा दुपारी आले. धुऱ्यावर उभे राहून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "जेवला का?" बस, एवढंच. तुंबलेला चना पिवळा पडला. कोरड्याला पुढची पाळी येईपर्यंत फुलं गळाली. माझ्या दहावीच्या ट्यूशनची फी त्या चन्यावर ठरलेली होती. ती गोऱ्हा विकून भरली, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर आईकडून कळलं.

आता माझ्या टीममध्येही गोल रांग आहे. सहा जण, प्रत्येकाचा एक आठवडा ऑन-कॉल, सातव्या आठवड्यात पुन्हा पहिला. रात्री अलर्ट वाजला आणि मी दहा मिनिटांत उचलला नाही तर तो आपोआप पुढच्याकडे जातो. म्हणजे माझ्या झोपेची सोय सिस्टीममध्येच केलेली आहे. सकाळी फार तर एक मेल येतो.

बाबांच्या पाळीला पुढचा माणूस नाही. त्यात २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. पर्यटक वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतात, बाबा तो दिसू नये म्हणून बॅटरी हलवत, खोकत चालतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचं २.० झालं. आमच्या फीडरवर दिवसाची लाईन कधी येणार, हे बाबा मला विचारतात, जणू काही मी कॉम्प्युटरवाला म्हणून मला आतलं माहीत असावं.

या आठवड्यात माझी ऑन-कॉल आहे. परवा रात्री दोनला एक सर्व्हर आडवा झाला. तो उठवला आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, लाईन आहे का?"

"हाये नं. बुधवारपर्यंत रातचीच हाये. तू काऊन जागून राहिला?"

"माझीपण रातचीच आहे."

ते हसले. मागे पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "थांब, बारं मोडाचं हाये," आणि फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला. मी ऐकत बसलो.