जमिनीची खबर

पाय वजन पेलतो हे सगळ्यांना दिसतं. तो जमिनीची खबरही सतत वर धाडत असतो, हे मात्र पाय गेल्यावर कळतं. टाच टेकली, भार पुढे सरकला, चवड्यानं रेटा दिला, खाली वाळू आहे की ओली फरशी, हे तळव्याची कातडी, स्नायू आणि घोट्याचा सांधा मेंदूला कळवत राहतात आणि आपण गप्पा मारत चालत असतो. कृत्रिम पाय बनवणारे आम्ही लोक वजन पेलण्याचं काम बऱ्यापैकी साधतो. खबरीचं काम उरतं ते रुग्णाच्या डोळ्यांवर. मांडीतून पाय गेलेला माणूस रस्त्यानं मान खाली घालून चालतो तो त्यामुळेच. अंधारात, गर्दीत, जिथे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, तिथे जाणंच तो टाळू लागतो.

तरी जमीन अगदी मुकी होत नाही. तिचे धक्के रबरी पावलातून, नळीतून सॉकेटपर्यंत, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या साच्यापर्यंत, येतात आणि सॉकेटच्या भिंतीतून स्टंपच्या, म्हणजे त्या उरलेल्या पायाच्या, कातडीवर उमटतात. सकाळी नीट बसलेलं सॉकेट संध्याकाळपर्यंत स्टंप आकसल्यानं सैल होतं, की तेच धक्के उशिरा आणि विस्कटून पोचतात. स्टंपवर एक मोजा वाढवला तरी चाल सावरते. म्हणून माझ्या लेखी नेमकं बसलेलं सॉकेट हेच संवेदना देणारं पहिलं उपकरण. ते ढिलं असताना वर कितीही इलेक्ट्रॉनिक्स चढवली तरी ती चुकीचीच खबर जास्त मोठ्यानं सांगणार.

तेव्हा झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात असलेले संशोधक स्टॅनिसा रास्पोपोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते वाचून मी भारावून गेलो होतो. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्या दोघांच्या मांडीतल्या मज्जातंतूत त्यांनी अतिशय बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. बुटातल्या पातळ तळव्याचे सेन्सर दाब मोजायचे, कृत्रिम गुडघा आपला कोन कळवायचा आणि त्याप्रमाणे मज्जातंतूला विजेचे हलके झटके मिळायचे. नसलेल्या तळव्याला स्पर्श जाणवू लागला. दोघांचं चालणं वेगवान झालं, चालताना लागणारी शक्ती कमी झाली आणि गेलेल्या पायात होणारी वेदनाही उतरली. कापलेला मज्जातंतू इतक्या काळानंतरही पायाचीच भाषा बोलतो, याचा मला फार दिलासा वाटतो. पण त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, आणि आमच्या बाकावर बसलेल्या बहुतेकांपर्यंत ती पोचायला वेळ आहे.

तोवर हाताशी येण्याजोगा मार्ग आहे तो मांडीवर बांधायच्या छोट्या कंपन मोटारींचा. टाचेचा दाब मांडीच्या मागे, चवड्याचा पुढे, अशी वाटणी करता येते. मोह होतो तो सतत, दाबाच्या प्रमाणात कंपन देण्याचा. मला तो मार्ग पटत नाही. एकसारखं चालू राहिलेलं कंपन कातडी थोड्याच वेळात विसरते, बोटातली अंगठी विसरावी तशी. इटलीत पिसाच्या सांत आन्ना संस्थेतल्या संशोधकांनी वेगळा विचार केला: पाऊल टेकलं आणि पाऊल उचललं, अशा बदलाच्या क्षणीच एक छोटा ठोका द्यायचा. चालणाऱ्याला खरं हवं असतं ते एवढंच. दाब किती आहे यापेक्षा, पाय आत्ता वजन घ्यायला तयार आहे का, हा त्याचा प्रश्न असतो. ठोका उशिरा आला तर तो नसलेलाच बरा, कारण तोवर शरीर पुढच्या पावलात गेलेलं असतं.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. आपल्याकडे पुष्कळांचा पाय मधुमेहानं जातो. ज्या आजारानं तळव्याची जाणीव गेली, त्यानं स्टंपवरची कातडीही बधिर केलेली असू शकते. तिथे मोटार बांधून उपयोग काय? म्हणून आधी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श तपासायचा बारीक धागा, घेऊन जागोजाग तपासावं, कुठे कंपन स्पष्ट कळतं त्याचा नकाशा काढावा आणि गरज पडली तर पट्टा वर, कमरेजवळ न्यावा. पावसाळ्यातला घाम, चार्जिंगची सोय आणि तुटलेली वायर गावातच जोडून मिळते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं.

असं उपकरण पहिल्यांदा कुणाला द्यायचं, हे मला ठरवायला मिळालं तर मी जिने उतरणाऱ्यांना देईन: चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना, रेल्वेच्या पुलावरून रोज कामाला जाणाऱ्यांना. उतरताना पाऊल पायरीच्या काठावर किती बाहेर आहे हे कळणं तिथे सर्वांत गरजेचं असतं, आणि हातात पिशवी असली की खाली बघताही येत नाही.