पेटीतला दमटपणा

पुणे, १२ जानेवारी

चि. भाच्यास,


बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवरचा अजगर. माळ म्हटला की रखरखाट आठवतो, आणि पुष्कळ पाळणारे तिथेच फसतात. हा साप दिवसाचा बराच वेळ माळावर नसतोच. उंदरांच्या बिळात नाहीतर जुन्या वारुळात पडून असतो. वर जमीन भाजून निघाली तरी खाली बिळातली हवा दमट राहते. पेटीत ६० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवावी असे जे सांगितले जाते, ते माप या बिळाचे आहे.

टक्क्यांचा हा आकडा भल्याभल्यांना चकवतो. हवा जितकी गरम, तितके जास्त बाष्प तिच्यात मावते. २६ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम बाष्प मावते, तर ३२ अंशांना जवळजवळ ३४ ग्रॅम. या सापाच्या पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावीच लागते, कारण शरीराचे तापमान तो जागा बदलूनच सांभाळतो. परिणामी थंड बाजूचा आर्द्रतामापक ७० दाखवत असताना उबदार बाजूच्या दिव्याखालचा ५० दाखवतो, आणि दोन्हीकडच्या हवेत पाणी तेवढेच असते. ते ५० पाहून पाणी ओतत सुटणारे थंड बाजूला चिखल करून बसतात. मापक एकच असेल तर तो थंड बाजूला, बेडिंगच्या जरासाच वर, सापाच्या उंचीला लावावा. पेटीच्या छताला चिकटवलेला मापक छताचीच खबर देतो.

थंड देशातल्या हिवाळ्याचे गणितही हेच. न्यू जर्सीत बाहेर उणे ५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तरी त्या हवेत घनमीटरला जेमतेम पावणेतीन ग्रॅम पाणी असते. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता १४ टक्क्यांच्या आसपास उतरते. हीटर पाणी शोषून घेतो हा समज चुकीचा आहे. पाणी तेवढेच राहते, हवेची तहान वाढते. जुलैत रत्नागिरीच्या घरात असल्या पेटीला पाण्याचा थेंबही लागला नसता, उलट पंखा लावावा लागला असता.

आकड्यावर विसंबण्याआधी मापक तपासून घ्यावा. काटा फिरणारे स्वस्त गोल मापक बहुधा बेभरवशाचे असतात. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल मापक बरा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालावे. मीठ विरघळता कामा नये, नुसते ओलेगच्च व्हावे. हे झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर तसाच राहू द्यावा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची बंद हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी दाखवतो, एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवले की झाले.

यापुढचे काम पाणी घालण्यापेक्षा पाणी अडवण्याचे जास्त आहे. काचेच्या टाकीला वरून जाळीचे झाकण असते. दिव्याने तापलेली हवा त्यातून वर निघून जाते आणि तिच्याबरोबर ओलावाही जातो. दिव्याची जागा सोडून जाळीचा बराचसा भाग अॅक्रिलिकच्या तुकड्याने झाकला तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. फटी थोड्या उघड्या ठेवाव्यात, कारण कोंदट हवा कोरड्या हवेइतकीच वाईट. समोरून उघडणारी पीव्हीसीची पेटी या बाबतीत काचेपेक्षा सरस ठरते.

तळाला कोकोपीट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे निदान तीन इंच जाडीचे घालावेत. वर्तमानपत्र ओलावा धरत नाही. देवदार-सीडरचा भुसा तर घालूच नये, त्यातले तेल सापाला बाधते. पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांतून हळूहळू खाली सोडावे, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. खालचे पाणी मग दिवसचे दिवस सावकाश वर येत राहते. स्प्रेच्या फवाऱ्याने आकडा झटकन चढतो आणि तासा-दोन तासांत उतरतो. मूठभर बेडिंग हातात दाबून पाहावे, ते मुठीत टिकावे पण पाणी गळू नये. पाण्याचे भांडे रुंद असावे. ते उबदार बाजूकडे सरकवले तर बाष्प वाढते.

एवढा खटाटोप मुख्यतः कातीसाठी. कात टाकण्याआधी सापाचा रंग मंदावतो, पोट गुलाबीसर दिसू लागते आणि डोळ्यांवर निळसर झाक येते, कारण जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर लवकरच साप तोंड कशावर तरी घासून कात सोडवतो. हवा दमट असेल तर ती पायातून उलटा काढलेल्या मोज्यासारखी अखंड निघते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर गळतो. म्हणून निघालेली कात उजेडात धरून डोळ्यांच्या जागी दोन छोट्या वाट्या आहेत का, ते पाहावे. नसतील तर ते खवले सापाच्या डोळ्यांवरच राहिले आहेत. ते चिमट्याने ओढू नयेत, डोळा कायमचा जाऊ शकतो. हे काम पशुवैद्यकाचे. शेपटीच्या टोकाला राहिलेले कातीचे कडे मात्र दुर्लक्षू नये, ते आवळत जाते आणि टोक मरते. अशा वेळी प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओले, पिळलेले स्फॅग्नम शेवाळ भरून ठेवावे. साप स्वतःच आत जाऊन बसतो, बहुतेकदा तेवढ्याने काम होते.

जास्तीच्या ओलाव्याचा त्रास याहून गंभीर. सतत ओल्या तळावर पडून राहिले की पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, खवले तपकिरी पडून सडू लागतात. त्यावर उपाय म्हणून हवा सुकवू नये, तळ सुकवावा. कोंदट आणि थंड पेटीत श्वासमार्गाचा संसर्गही होतो: श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी चिकट बुडबुडे, मान वर करून उघड्या तोंडाने श्वास. सापाला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे ही लक्षणे दिसली की वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यक गाठावा.

हे सारे आकडे बॉल पायथनचे. कॉर्न स्नेकचे ४० ते ५० टक्क्यांत भागते, केनियन सँड बोआला त्याहूनही कमी पुरते, आणि ब्राझिलियन रेनबो बोआला ८०च्या आसपास लागते.

कळावे,
मामा