प्रवराकाठचा उद्यम

संगमनेराहून लोणीकडे जाताना दुतर्फा उसाचे मळे दिसू लागले, की प्रवासी सहज म्हणतो, ही सारी पाण्याची कृपा. हे अर्धेच खरे होय. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या पाटांनी अवर्षणग्रस्त मुलखात ऊस उभा केला. परंतु पाण्यामागोमाग समृद्धी आली नाही. गुळाचे भाव कोसळले, तसे कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. साखर कारखाने निघाले, तेही हरेगाव व टिळकनगर येथील कारखान्यांसारखे खाजगी भांडवलाचे. जमीन, पाणी व श्रम शेतकऱ्याचे. जोखीम घेणारा, आणि म्हणून नफ्याचा धनी, मात्र दुसराच!

उद्योजकाचे मर्म येथेच आहे. अठराव्या शतकात कँटिलन याने त्याचे लक्षण सांगितले, ते असे की, जो ठरल्या किमतीस घेतो आणि न ठरलेल्या किमतीस विकतो, तो उद्योजक. विसाव्या शतकात शुंपेटरने नव्या जुळणीवर भर दिला. दोघांच्याही डोळ्यांपुढे बहुधा एकटा पुरुष होता. आपल्याकडे मात्र समूहाच्या उद्यमाची स्मृती जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी दोन हजारांवर शेकडा दरमहा एक असे व्याज ठरले होते. एवढी श्रेणीची पत!

लोणीस याच पतीचा नवा अवतार झाला. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शाळा बेताचीच शिकलेले विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्यांकडून भागांची रक्कम त्यांनी जमविली. १९४८ साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली व १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले. जोखीम अनेकांच्या शिरी वाटली गेली, आणि ऊस पिकविणारा कारखान्याचा भागीदार झाला.

आपल्या सुशिक्षित घरांतून उद्यम म्हणजे व्यापाऱ्याचे काम आणि विद्या म्हणजे नोकरीची शिडी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लोणीचा धडा या वाटणीविरुद्ध आहे. तेथे विद्येने पत दिली, अनुभवाने माणसे दिली. एकावाचून दुसरे पांगळे ठरले असते.

मात्र सहकार एकदा स्थापिला म्हणजे आपोआप चालतो, असे नव्हे. सभासद जोवर वार्षिक सभेत हिशेब विचारतो, तोवर तो उद्योजक. ते त्याने सोडले, की तो केवळ ऊस घालणारा उरतो, आणि जोखीम त्याची असूनही सत्ता दुसऱ्याची होते. लोणीस जाणाऱ्याने कारखान्याचे धुराडे अवश्य पाहावे. पण त्याचा पाया या जागरूकतेचा आहे, हे घरातील मुलांस आवर्जून सांगावे.