सेवाग्रामचे वाफे

वर्धा स्टेशनावर उतरलों तेव्हां नुकतें उजाडलें होतें. पौषांतली थंडी, आणि बरोबर माझा दहा वर्षांचा नातू. पालेभाजी ताटांत दिसली कीं हा ती पोळीच्या आड सारतो आणि त्याची आजी ती पुन्हां पुढें ओढते, हा आमच्या घरचा नित्याचा प्रकार. सुटींत त्याला नागपुरास आत्याकडे पोंचवावयाचें होतें. वाटेंत सेवाग्राम पाहावें, हा बेत माझा. बापूंची कुटी दाखवावी एवढाच हेतु होता. प्रत्यक्षांत कुटींत आम्ही दहा मिनिटें बसलों, आणि उरलेली सकाळ गेली ती जवळच्या शाळेच्या भाजीच्या वाफ्यांत.

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारें आठ किलोमीटर. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी येथें राहावयास आले, तेव्हां या खेड्याचें नांव शेगांव होतें. सेवाग्राम हें नांव १९४० मधलें. आश्रमाचें वर्णन वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल, म्हणून तें येथें करीत नाहीं. शाळेची हकीकत मात्र त्या मानानें थोड्यांस ठाऊक असते. १९३७ च्या ऑक्टोबरांत, २२ आणि २३ तारखांस, वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारें सारें शिक्षण द्यावें, ही तेथें मांडलेली मुख्य कल्पना. पुढें झाकिर हुसेन समितीनें जी योजना आखली, तींत सूतकताई, सुतारकाम आणि शेती यांच्या जोडीला फळें व भाजीपाला यांची बागाईत हाहि एक मूलोद्योग म्हणून धरलेला होता. लोकांच्या लक्षांत सूत राहिलें, वांगीं विसरलीं. आर्यनायकम् आणि आशादेवी हें दांपत्य सेवाग्रामांत हें काम चालवीत असे, तेव्हां स्वयंपाकघर हाहि एक वर्गच होता. भाजी मुलांनीं पिकवावी, आहार आखावा, खर्चाचा हिशेब मांडावा, आणि रांधून वाढावेंहि मुलांनींच. मधल्या काळांत तें सारें थांबलें. २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही मराठी शाळा तेथें पुन्हां चालू आहे.

आम्ही गेलों तेव्हां कांहीं मुलें खुरपीं घेऊन वाफ्यांत बसलीं होतीं. काळी, चिकट माती. मेथी, पालक, मुळा, वाटाणा. बांधाच्या कडेला वांगीं. दाटी झाली म्हणून वाटाण्याचीं कांहीं रोपें उपटून ठेवलीं होतीं. त्यांतलें एक मीं उचललें. मुळांना बारीक गांठी होत्या.

“कीड लागलेली दिसते,” मी सहज म्हणालों.

“हा रोग नाहीं जी, आजोबा,” जवळची एक मुलगी म्हणाली. तिनें नखानें एक गांठ फोडली आणि माझ्यापुढें धरली. आंत फिकट गुलाबी रंग. गांठ अशी गुलाबी निघाली म्हणजे तिच्यांतले जिवाणू हवेंतला नायट्रोजन रोपाला मिळवून देत आहेत, हें तिनें मला समजावून सांगितलें. गांठ पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तें काम चाललेलें नाहीं असें समजावें.

आतां मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मीं तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलें. नायट्रोजनचक्राची आकृति फळ्यावर रंगीत खडूंनीं काढण्यांत माझा हातखंडा होता. परंतु गांठ फोडून आंतला रंग मीं जन्मांत पाहिला नव्हता. इतकेंच नव्हे, तर आमच्या शाळेच्या आवारांत गवत माजे, तें उशिरां येणाऱ्या मुलांकडून उपटून घेण्याची पद्धत होती; आणि ती शिक्षा देणारांत मीहि होतों. मातींत हात घालणें ही लाजेची गोष्ट आहे, हा धडा माझ्या विद्यार्थ्यांनीं माझ्यापाशीं बिनचूक शिकून घेतला असला पाहिजे.

मी तो शिकलों आमच्या वाड्यांत. परसांतली बाग पाहावयास एक माळी येत. त्यांना चहा मागल्या दारीं, वेगळ्या कपांत. त्यांनीं लावलेलीं वांगीं मात्र देवाच्या नैवेद्याला चालत. या विसंगतीविषयीं घरांत कोणीं कधीं चकार शब्द काढल्याचें मला आठवत नाहीं. मींहि काढला नाहीं.

मुलांच्या उद्योगाच्या उत्पन्नावर शाळेचा खर्च भागावा, हा मूळ योजनेंतला भाग मला आजहि पटत नाहीं; प्रा. के. टी. शहा यांनीं त्या परिषदेंतच त्यावर आक्षेप घेतला होता. पण पिकाचें वजन करणें, वाफ्याचें क्षेत्रफळ काढणें, पालकांतलें लोह अंगीं लागावें म्हणून वर लिंबू पिळावें हें समजून घेणें, यांत मुलाची पिळवणूक कसली?

नातू एव्हांना मुळ्याच्या वाफ्यांत शिरला होता. कोणीतरी दिलेलें मेथीचें पान त्यानें चावून पाहिलें आणि तोंड वेडेंवांकडें केलें. मुळा मात्र स्वतः उपटला होता. तो धुतल्यावर पाल्यासकट खाल्ला. “तिखट आहे,” असें म्हणत संपविला.

पुण्यास परतल्यावर त्यानें गॅलरींत तेलाच्या जुन्या डब्याला तळाशीं भोंकें पाडून मेथी पेरली. पहिली पाणी घालघालून कुजविली. दुसरी उगवली, आणि तिच्याबरोबर तणहि. फरशीवर चिखल झाला म्हणून आजी कुरकुरली. मी खुर्चींतून सूचना देत होतों.

“आजोबा,” तो मान वर न करतां म्हणाला, “तिथून दिसत नाहीं. खालीं बसा.”

गुडघे धरून मी सावकाश खालीं बसलों. कोणतें रोप मेथीचें आणि कोणतें तणाचें, हें त्यालाच विचारावें लागलें.