फ्रीज का खडखडतो?

वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत इंदोऱ्यासारख्या वस्तीत एखाद्याकडे फ्रीज असला, तर तो त्या घरापुरता राहत नाही. आमच्या एका दाराच्या फ्रीजचेही तसेच आहे. शेजारच्या आजींच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्यातच असतात. बुद्धजयंतीला विहारासमोर थंड पाण्याची सोय होते, तिच्यासाठी आठवडाभर आधीपासून बर्फाचे ट्रे भरायचे आणि जमलेला बर्फ पिशवीत काढून ठेवायचा, हे कामही आमच्याकडे असते. म्हणून एका एप्रिलमध्ये हा फ्रीज खडखडू लागला, तेव्हा प्रश्न केवळ आमच्या झोपेचा नव्हता.

आवाज तरी केवढा! मशीन सुरू झाली की पत्र्यावर चणे ओतावेत तसा खडखडाट, आणि बंद होताना सारा फ्रीज एक हिसका देई. सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकाने तर दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायला सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांच्या वाडवडिलांनी याच नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या दारात लिंबू-मिरची शोभेल काय? मग एका दुकानातून मेकॅनिक बोलावला. त्याने दारातूनच दोन मिनिटे कान दिला आणि निकाल सांगितला, "कॉम्प्रेसर गेला. साडेपाच हजार लागतील." मागे वाकून बघण्याचे कष्टही त्याने घेतले नाहीत. हातावर पोट असणाऱ्या घरात साडेपाच हजार ही लहान रक्कम नव्हे.

आमच्या गल्लीतील एक मुलगी आय.टी.आय.मध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड शिकत होती. तिला हाक मारली. ती म्हणाली, "काकू, आधी ऐकायचं, मग बघायचं. हात शेवटी लावायचा." तिने तीन प्रश्न विचारले. आवाज मशीन चालू असताना येतो की बंद असताना? वरून येतो की खालून? फ्रीज हाताने दाबून धरला की कमी होतो का? उत्तरे आमच्याकडेच होती. चालू असतानाच येतो, खालून मागच्या बाजूने येतो आणि दाबून धरला की निम्मा होतो. म्हणजे कॉम्प्रेसर आपले काम करीत होता. बर्फही रोजच्यासारखा जमत होता. फक्त त्याची थरथर कुठेतरी पत्र्याला लागत होती.

तिने आधी प्लग काढला. फ्रीज रिकामा करून पुढे ओढला. इन्सुलिन तेवढ्यापुरते दुसऱ्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. मागे तीन गोष्टी दिसल्या. वितळलेले पाणी जमा होण्याचा प्लास्टिकचा ट्रे सुटून कॉम्प्रेसरवर नाचत होता. तांब्याची एक नळी शेजारच्या पत्र्याला टेकली होती. कॉम्प्रेसर ज्या चार रबरी बुशांवर बसतो, ते उष्णतेने दगडासारखे कडक झाले होते आणि त्यातला एक फुटला होता. बंद होतानाचा हिसका या बुशांमुळेच बसत होता.

बुश बाजारात दीडशे रुपयांच्या आत मिळाले. नळ्यांवर ताण येऊ नये म्हणून एकेक नट सोडवून तिने ते एकामागून एक बदलले. टेकलेली नळी बोटाने हलकेच बाजूला केली. नळी जोराने वाकवली तर चिरते आणि सगळा गॅस निघून जातो. ट्रे जागेवर बसवला. मग वर पाण्याची वाटी ठेवून पुढच्या पायांचे स्क्रू फिरवले आणि डुगडुग काढली. फ्रीज किंचित मागे झुकता ठेवला, म्हणजे दार आपोआप लागते. भिंतीपासून चार बोटे जागा सोडली. प्लग लावला. राहिली ती फक्त हलकी घरघर.

वाचक बंधू-भगिनींनी लक्षात ठेवावे, की प्रत्येक आवाज हा बिघाड नसतो. मशीन थांबल्यावर पाणी उकळल्यासारखी गुडगुड होते, ती नळीतील गॅसची. मध्येच प्लास्टिक तडकल्यासारखा आवाज येतो, तो थंडीने आकसण्याचा. यांना भिऊ नये. पण काही सेकंद घुमून 'टक्' होते, थोड्या वेळाने पुन्हा घुमते, पुन्हा 'टक्' होते आणि आत थंडावा नसतो, तेव्हा मशीनला सुरू होता येत नाही असे समजावे. अशा वेळी प्लग काढून ठेवावा. व्होल्टेज कमी असेल किंवा रिले गेला असेल. तेथे जाणकारच हवा. पंखा असलेल्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात खरखर आली, तर पंख्याचे पाते बर्फाला घासत असण्याचा संभव असतो.

बर्फाचा थर बोटभर झाला तर फ्रीज बंद करून तो आपसूक वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नव्या अनेक फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो. त्याच्या नळ्यांना घरी कधीही हात लावू नये. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग यांत काटकसर नको. इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. ते बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

त्रिरत्न वंदनेत आपण 'एहिपस्सिको' हा शब्द म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. कारणावाचून काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही दूर होतो, ही तथागतांची शिकवण फ्रीजच्या मागे वाकून बघतानाही उपयोगी पडते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांचे तांत्रिक शिक्षण आणि वीज हे विषय त्या खात्याकडे होते. हातात पाना धरणारा आपला माणूस अडाणी राहू नये, ही त्यामागची दृष्टी.

आमच्या गल्लीतील त्या मुलीने ट्रेड निवडला, तेव्हा "पोरीला हे कशाला?" असे विचारणारे थोडे नव्हते. त्या बुद्धजयंतीला विहारासमोरच्या पिंपात आमच्या फ्रीजमधला बर्फ पडला आणि तिच्याकडे आणखी दोन घरची कामे आली. आपल्या मुलींना पुस्तकाबरोबर पानाही द्या. घरातील यंत्र आवाज करू लागले, तर आधी कारण विचारा आणि मगच खिशात हात घाला.

जय भीम!