लबाडीची प्रतवारी

इंग्रजीतला ‘चीट’ जर्मनमध्ये नेताना मी आधी मराठीत थांबते. पत्ता लपवणारा मुलगा, परीक्षेत चिठ्ठी काढणारा विद्यार्थी आणि कंपनीला लुबाडणारा ठेकेदार या तिघांना इंग्रजी एकाच क्रियापदात कोंबते. आपण तसं करत नाही. खेळात रडी खातात, परीक्षेत कॉपी करतात, ठेकेदार गंडा घालतो. जर्मनलाही अशी प्रतवारी लागते. पत्त्यांतली लबाडी ‘मोगेल्न’ किंवा ‘शुमेल्न’, पैशातली फसवणूक ‘बेट्रूक’. नवरा-बायकोतल्या प्रतारणेलाही हाच जड शब्द चालतो. 2013 मध्ये आमच्या मध्य प्रदेशात व्यापमचा परीक्षा-घोटाळा उघड झाला. हुशार मुलाला ‘इंजन’ करून पैसे भरलेल्या ‘बोगी’शेजारी बसवायचं, ही त्यातली एक रीत. तिथे ‘शुमेल्न’ लिहिणं म्हणजे त्या परीक्षेला प्रामाणिकपणे बसलेल्या मुलांचा अपमान.

मी देवासला राहते. काम बरंचसं येतं ते धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यांतून. मध्यंतरी एका अंतर्गत तपासाचा अहवाल आला. स्टोअरकीपरने भंगारात कंपनीला ‘चीट’ केलं, एवढंच वाक्य. सोबत वजनकाट्याच्या पावत्या. रिकाम्या ट्रकचं वजन फुगवून लिहिलेलं, म्हणजे भरल्या ट्रकमधून वजावट जास्त आणि विकलेलं भंगार कागदावर कमी. पण आकडा कोणी लिहिला? माल कोणाच्या ताब्यात होता? खोटी पावती दाखवून कंपनीला माल सोडायला लावला असेल तर तो ‘बेट्रूक’, म्हणजे फसवणूक. ताब्यातला माल स्वतःच गिळला असेल तर ‘उंटरश्लागुंग’, अपहार. सोपवलेला अधिकार मालकाविरुद्धच वापरला असेल तर ‘उन्ट्रॉये’, विश्वासघात. जर्मन दंडसंहितेत यांची कलमं वेगवेगळी: 263, 246, 266. आपल्याकडेही फसवणूक आणि विश्वासघात वेगळेच. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 318 आणि 316 झाले, लोकांच्या तोंडी मात्र अजून चारशेवीसच.

मी प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरं येईपर्यंत ते पान बाजूला ठेवलं. तो स्टोअरकीपर जर्मन वाचणार नाही, तिकडे त्याची बाजू मांडायला कोणी नाही. माझ्या एका शब्दाने तो आहे त्याहून मोठा गुन्हेगार ठरता कामा नये.

‘फोर्जरी’चंही तसंच. जर्मन कायदा नवा खोटा कागद बनवणं आणि खऱ्या कागदात फेरफार करणं यांना दोन क्रियापदं देतो. दुसऱ्यासाठी आपल्याकडे अख्खी गोष्टच आहे: ध चा मा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना पकडायच्या हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ त्यांच्या काकू आनंदीबाईंनी केलं, असं सांगतात. पुढे त्या पवारांच्या आश्रयाला धारच्या किल्ल्यात राहिल्या. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव तिथेच जन्मला, जानेवारी 1775 मध्ये. धारला गेले की तो लाल दगडाचा किल्ला मी पाहतेच, आणि दर वेळी वाटतं, एका आख्यायिकेवर या बाईला आपण अडीचशे वर्षं दोषी धरलं. वाक्प्रचार इतका चपखल बसला की पुरावा मागायचं कोणाला सुचलं नाही.

ही गोष्ट जर्मन वाचकाला सांगायची वेळ आली तेव्हा मी ‘झोलेन’ हे क्रियापद वापरलं. ऐकीव आरोप सांगताना बोलणारा ते घालतो आणि खरेपणाची हमी स्वतःकडे घेत नाही. आपलं ‘म्हणे’ अगदी हेच करतं: आनंदीबाईंनी म्हणे ध चा मा केला. पीथमपूरच्या अहवालातही, चौकशी पुरी न झालेल्या प्रत्येक वाक्यात मी ‘झोलेन’ ठेवलं. कारखान्याने ते काढून मागितलं. मी काढलं नाही.